एक ड्यूक, दोन सीमा: जेवणाचं आमंत्रण आणि रात्रीची घोडागाडी

हेडफोन लावलेत ना? ट्रेनमध्ये असाल तर आवाज जरा वाढवा. आजची गोष्ट सुरू होते एका जेवणाच्या आमंत्रणाने.

तारीख २३ जानेवारी १७७७. कडाक्याची थंडी. जर्मनीतल्या उल्म शहरात एक पत्रकार राहतो. नाव ख्रिस्टियान शुबार्ट. पत्रकार, कवी, वर ऑर्गन वाजवण्यात उस्ताद. तोंडाचा मात्र फटकळ. 'डॉइच क्रोनिक' नावाचं त्याचं वृत्तपत्र आहे आणि त्यात तो राजे-महाराजांना सरळ टोमणे मारतो. त्याला एक ओळखीचा सरकारी अधिकारी म्हणतो, चला, जवळच ब्लाउबॉयरेनला जाऊन जेवून येऊ. अंतर काय, तर वीस किलोमीटरसुद्धा नाही. शुबार्ट निघतो.

ते जेवण त्याला दहा वर्षांना पडलं.

कारण उल्म आणि ब्लाउबॉयरेन यांच्यामध्ये एक सीमा होती. ती ओलांडली की तुम्ही दुसऱ्या राज्यात. आणि त्या दुसऱ्या राज्याचा मालक होता आपला आजचा माणूस: व्युर्टेंबर्गचा ड्यूक कार्ल ऑयगेन.

आता थोडं मागे जाऊ, नाहीतर गोंधळ होईल.

आज आपण नकाशावर जर्मनी नावाचा एक सलग देश बघतो. अठराव्या शतकात तसं काही नव्हतं. 'पवित्र रोमन साम्राज्य' नावाची एक भलीमोठी छत्री होती, व्हिएन्नात सम्राट बसायचा आणि त्या छत्रीखाली सुमारे तीनशे लहानमोठी राज्यं होती. कुठे राजा, कुठे ड्यूक, कुठे बिशप, तर कुठे उल्मसारखं स्वतंत्र शहर, जिथे ड्यूकबिक कुणाचं चालत नाही. आपल्याकडच्या जुन्या संस्थानांची आठवण येते ना? साधारण तसंच चित्र डोळ्यांसमोर आणा. एका राज्यात शिंकलात तर दुसऱ्या राज्यात ऐकू जावं, इतकं सगळं चिकटून चिकटून.

व्युर्टेंबर्ग हे त्यातलं मध्यम आकाराचं राज्य. लोकसंख्या पाच-सहा लाख. मुख्य शहर स्टुटगार्ट. हो, तेच स्टुटगार्ट, जिथून आज मर्सिडीज आणि पोर्शे येतात. तेव्हा तिथे गाड्या नव्हत्या, द्राक्षमळे होते आणि ड्यूकची लहर होती.

कार्ल ऑयगेन जन्मला १७२८ साली. तो नऊ वर्षांचा असताना वडील गेले. पुढे त्याला शिकायला बर्लिनला पाठवलं, साक्षात फ्रेडरिक द ग्रेटच्या दरबारात. आणि १७४४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याच्या हातात अख्खं राज्य आलं. सोळाव्या वर्षी! आपल्याकडे त्या वयात मुलाला बाइकची चावी देताना घरचे दहा वेळा विचार करतात.

चार वर्षांनी लग्न झालं. बायको एलिझाबेथ, फ्रेडरिक द ग्रेटची भाची, बायरॉइटची राजकन्या. या एका लग्नासाठी बायरॉइटमध्ये लाकडी नक्षीकामाचं एक ऑपेरागृह बांधलं गेलं. ते आजही उभं आहे आणि २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. लग्न मात्र तेवढं टिकलं नाही. ड्यूकच्या भानगडींना कंटाळून बायको १७५६ मध्ये माहेरी निघून गेली, ती परतलीच नाही. ऑपेरागृह राहिलं, संसार गेला.

आणि ड्यूकचा खर्च? विचारू नका. त्याला व्हर्साय हवं होतं. लुडविग्सबुर्गचा चारशे बावन्न खोल्यांचा राजवाडा होताच, तरी त्याने टेकडीवर आणखी एक महाल बांधला. नाव काय, तर 'सॉलिट्यूड', म्हणजे एकांत! इटलीहून योमेली नावाचा नामवंत संगीतकार आणला, फ्रान्सहून नोव्हेर नावाचा नृत्यदिग्दर्शक आणला. शिकारी, आतषबाजी, मेजवान्या. युरोपभरचे हौशी लोक बघायला यायचे. कासानोव्हासुद्धा आला होता १७६० मध्ये. तिथे जुगारात अडकला, नजरकैदेत पडला आणि पळून गेला. त्याच्या आत्मचरित्रात तो हे सगळं मजेत सांगतो. लक्षात ठेवा हं, या गोष्टीत पळून जाणारा तो शेवटचा नाही.

पैसा कुठून आला? एक तर करांमधून आणि दुसरं म्हणजे माणसांमधून. १७५२ मध्ये ड्यूकने फ्रान्सशी करार केला: तुम्ही मला पैसे द्या, युद्ध झालं तर मी सहा हजार सैनिक देतो. युद्ध झालं आणि फ्रान्सने सैनिक मागितले. मग काय, गावागावातून पोरं उचलायला सुरुवात झाली.

इथे एक गंमत आहे. व्युर्टेंबर्गमध्ये 'लांडशाफ्ट' नावाची एक प्रतिनिधी सभा होती. तिच्या संमतीशिवाय ड्यूकला नवा कर लावता येत नसे. या सभेचा कायदेशीर सल्लागार होता योहान याकोब मोझर, म्हातारा, विद्वान, हट्टी. ड्यूकला वाटलं, सगळा विरोध हाच माणूस करतोय. १७५९ मध्ये त्याने मोझरला उचलून होहेनट्वील नावाच्या डोंगरी किल्ल्यात टाकलं. खटला नाही, निकाल नाही. पाच वर्षं! कागद नाही, शाई नाही. मोझरने मेणबत्तीची वात कापायच्या कात्रीच्या टोकाने लिहिलं. भिंतींवर लिहिलं, पत्रांच्या कोऱ्या जागांवर लिहिलं.

शेवटी सभेने व्हिएन्नात सम्राटाच्या न्यायालयात ड्यूकविरुद्ध दाद मागितली, मोझर सुटला आणि १७७० मध्ये ड्यूकला सभेबरोबर लेखी तडजोड करावी लागली. म्हणजे बघा, त्या काळातही निरंकुश राजा पूर्ण निरंकुश नव्हता. वर सम्राट होता, बाजूला शेजारी राज्यं होती.

इथून पुढे ड्यूक बदलला, असं म्हणतात. आणि माझ्या मते खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

त्याच्या आयुष्यात फ्रान्झिस्का आली. एका सरदाराची बायको, ड्यूकपेक्षा वीस वर्षांनी लहान. तिच्यामुळे म्हणा, वयामुळे म्हणा, त्याचे तमाशे कमी झाले आणि त्याला एक नवा छंद लागला: शिक्षण! सॉलिट्यूड महालात त्याने मुलांची एक शाळा काढली. ती वाढत वाढत स्टुटगार्टला गेली आणि पुढे विद्यापीठ झाली. 'कार्ल्सशूल', म्हणजे कार्लची शाळा.

शाळा खरंच चांगली होती हं. फी नाही, उत्तम शिक्षक, नवे विषय. सरदारांची मुलं आणि सैनिकांची मुलं एकाच छताखाली. दानेकर नावाचा तबेल्यातल्या नोकराचा मुलगा तिथे शिकून मोठा शिल्पकार झाला. नामशेष प्राण्यांचा अभ्यास ज्याने विज्ञान म्हणून उभा केला तो जॉर्ज क्युव्हिए, तोही याच शाळेचा विद्यार्थी.

पण नियम ऐका. सुट्टी नाही. वर्षानुवर्षं घरी जायचं नाही. आईवडील भेटायला आले तर पहारा. पत्रं आधी शाळा वाचणार. उठणं, जेवणं, चालणं, सगळं कवायतीसारखं. आणि ड्यूक स्वतः रोज चक्कर मारणार. कुणाची वेणी नीट नाही, कुणाच्या कोटाचं बटण नाही, हेसुद्धा तोच बघणार. मुलांना तो 'माझी लेकरं' म्हणायचा आणि त्यांनी त्याला वडील मानावं अशी अपेक्षा होती.

१७७३ च्या जानेवारीत या शाळेत तेरा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. फ्रीडरिश शिलर.

ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्यासाठी: जर्मन भाषेत गटेनंतर ज्याचं नाव घेतात तो हा शिलर, नाटककार आणि कवी. बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीत शेवटी जे कोरसचं गाणं येतं, 'आनंदाला' उद्देशून, ती कविता याची.

तर शिलरला व्हायचं होतं धर्मोपदेशक. वडील ड्यूकच्या सैन्यात अधिकारी. ड्यूक म्हणाला, मुलगा हुशार आहे, माझ्या शाळेत घाला. वडिलांनी अदबीने सांगितलं की साहेब, त्याला धर्मशास्त्र शिकायचंय आणि ते तुमच्याकडे शिकवत नाहीत. ड्यूकने पुन्हा विचारलं. आणि ज्याच्या पगारावर घर चालतं तो पुन्हा पुन्हा विचारायला लागला, की ते विचारणं उरत नाही ना? पोरगं गेलं. वर आईवडिलांकडून लेखी घेतलं की हा मुलगा ड्यूकच्या घराण्याच्या सेवेला कायमचा वाहिला. आधी कायदा शिकवला, मग वैद्यक. आठ वर्षं. मग नोकरी दिली: लष्करी डॉक्टर, महिना अठरा गुल्डन. गणवेशात राहायचं आणि परवानगीशिवाय शहराबाहेर जायचं नाही.

म्हणजे फुकट शिक्षण दिलं, हे खरं. त्याची किंमत म्हणून माणूसच ठेवून घेतला, हेही खरं.

आता आपल्या शुबार्टकडे परत येऊ. त्याला आपण ब्लाउबॉयरेनच्या जेवणावर सोडलं होतं.

जेवण कसलं! पोचल्यावर अटक. दुसऱ्या दिवशी होहेनआस्पेर्गच्या किल्ल्यात. आरोप सांगितला नाही, खटला कधीच भरला नाही. बुरुजातल्या अंधारकोठडीत तो तीनशे सत्त्याहत्तर दिवस एकटा होता. पुस्तक नाही, लेखणी नाही. पुढे भिंतीपलीकडच्या कैद्याशी बोलायची वाट सापडली, तेव्हा त्याने भिंतीतून आपलं आत्मचरित्र सांगितलं आणि पलीकडच्याने ते लपूनछपून उतरवून घेतलं.

आता किल्ल्याचा प्रमुख कोण होता ते ऐका. त्याचं नाव रीगर. हा तोच माणूस, ज्याने युद्धाच्या वेळी ड्यूकसाठी गावातून पोरं उचलली होती. मग १७६२ मध्ये ड्यूकची मर्जी फिरली. भर परेडमध्ये त्याच्या छातीवरचं पदक ओढून काढलं आणि त्याला होहेनट्वीलमध्ये टाकलं, त्याच किल्ल्यात जिथे मोझर होता. चार वर्षांनी सोडलं आणि पुढे त्यालाच तुरुंगाचा प्रमुख केलं. कालचा कैदी आज जेलर.

आणि मंडळी, या गोष्टीतलं मला सगळ्यात जास्त टोचलेलं वाक्य आता सांगतो. शुबार्टला आत टाकल्यावर ड्यूकने त्याच्या बायकोला निवृत्तिवेतन चालू केलं आणि त्याच्या मुलाला आपल्या नामांकित शाळेत फुकट घातलं. मुलीचीही सोय केली. बाप आत, मुलं बापाला आत टाकणाऱ्याच्या शाळेत, त्याच्याच मिठावर. आणि बायकोला नवऱ्याला भेटायची परवानगी मिळाली आठ वर्षांनी.

हा ड्यूक निव्वळ क्रूर असता तर गोष्ट सोपी होती. शिव्या घालून आपण मोकळे. पण त्याला खरंच वाटत होतं की तो बाप आहे. बाप शिक्षा करतो, बाप फी भरतो. ११ फेब्रुवारी १७७८ ला त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी त्याने राज्यातल्या सगळ्या चर्चमध्ये एक निवेदन वाचायला लावलं: माझ्याकडून चुका झाल्या, मी माणूस आहे, यापुढे मी प्रजेच्या सुखासाठी जगेन. कल्पना करा, एका राजाची जाहीर कबुली! लोक भारावले असतील. त्या दिवशी शुबार्टला आत जाऊन वर्ष झालं होतं आणि पुढची नऊ वर्षं बाकी होती.

आता शिलर. शाळेत असताना रात्री चोरून तो एक नाटक लिहीत होता, 'डी रॉयबर', म्हणजे 'दरोडेखोर'. आजारी आहे सांगायचं, कारण आजाऱ्यांच्या खोलीत रात्री दिवा मिळायचा. कुणी आलं की वर वैद्यकाचं पुस्तक ठेवायचं. आणि या नाटकाचं कथाबीज कुठून आलं? शुबार्टने लिहिलेल्या एका छोट्या कथेतून. १७८१ मध्ये शिलर किल्ल्यात जाऊन त्याला भेटलाही. एक आत, एक बाहेर. ड्यूकला न आवडणारं लिहिलं की काय होतं, ते या बावीस वर्षांच्या पोराने डोळ्यांनी बघितलं.

१३ जानेवारी १७८२ ला नाटक रंगमंचावर आलं. स्टुटगार्टमध्ये नाही, मानहाइममध्ये. मानहाइम वेगळ्या राज्यात, तिथे ड्यूकचा हुकूम चालत नाही. प्रेक्षक वेडे झाले आणि लेखक रजा न घेता चोरून बघायला गेला होता! पहिल्यांदा खपून गेलं. मे महिन्यात पुन्हा गेला आणि पकडला गेला. चौदा दिवस कैद. त्यात भर म्हणजे नाटकातल्या एका वाक्यावरून स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन भागातून तक्रार आली की आमची बदनामी झाली. ड्यूक भडकला. हुकूम निघाला: यापुढे वैद्यकाशिवाय काहीही लिहून छापायचं नाही.

म्हणजे शिलरपुढे प्रश्न उभा राहिला. आठ वर्षं ज्याचं खाल्लं त्याच्या मिठाला जागायचं, की लिहायचं? आणि पळालो तर बापाचं काय? तो अजून ड्यूकच्याच नोकरीत, सॉलिट्यूडच्या बागा सांभाळतोय.

सप्टेंबरमध्ये संधी आली. रशियाचा युवराज पावेल आपल्या बायकोला घेऊन स्टुटगार्टला आला. ती ड्यूकची पुतणी. मग काय, जेवणावळी, रोषणाई, शिकारीसाठी गोळा केलेली हजारो हरणं. सगळी सरकारी माणसं त्यात गुंतलेली. शिलरने आईला आणि बहिणीला सांगितलं. वडिलांना मुद्दाम सांगितलं नाही. उद्या ड्यूकने विचारलं तर त्या माणसाला खरेपणाने शपथ घेता यावी की मला माहीत नव्हतं.

२२ सप्टेंबरची रात्र. एक घोडागाडी. सोबत आंद्रेआस श्ट्राइखर नावाचा संगीत शिकणारा मित्र. सामानात दोन पेट्या आणि एक छोटा पियानो. शिलरजवळ दोन जुनी पिस्तुलं, दोन्ही निकामी. वेशीवरच्या पहारेकऱ्याला नावं सांगितली: डॉक्टर रिटर आणि डॉक्टर वोल्फ. दार उघडलं.

वाटेत मध्यरात्री डावीकडे आकाश लाल दिसायला लागलं. सॉलिट्यूड महाल नखशिखांत दिव्यांनी उजळला होता, सगळा ड्यूकच्या पाहुण्यांसाठी. त्या प्रकाशात टेकडीवरची घरं स्पष्ट दिसत होती. शिलरने मित्राला बोट करून आपल्या आईवडिलांचं घर दाखवलं. श्ट्राइखरने पुढे हे सगळं लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला माहीत.

सकाळी सीमा आली. निळे-पांढरे खांब. पलीकडे दुसरं राज्य. संपलं. ड्यूकचा हात तिथवर पोचत नव्हता.

निदान कायद्याने पोचत नव्हता. भीती होतीच की शेजारचं राज्य त्याला परत देईल, म्हणून मानहाइममध्येही तो फार थांबला नाही. नाव बदलून खेड्यात राहिला. श्ट्राइखरने हँबर्गला संगीत शिकायला जाण्यासाठी जमवलेले पैसे शिलरपायी संपवले. तो पुढे व्हिएन्नात पियानो बनवणारा झाला, बेथोव्हेनच्या ओळखीतला. असा मित्र मिळायला नशीब लागतं मंडळी.

आणि ड्यूकने काय केलं? वडिलांना काहीही केलं नाही! म्हातारा शेवटपर्यंत बागा सांभाळत राहिला. सांगितलं ना, हा माणूस सोप्या खणात बसत नाही.

शुबार्ट १७८७ मध्ये सुटला, प्रशियाकडून शब्द टाकला गेल्यावर. त्याआधी त्याच्या कविता छापून निघाल्या होत्या, तेही कुठे? ड्यूकच्याच शाळेच्या छापखान्यात. सुटल्यावर ड्यूकने त्याला काय केलं असेल? स्टुटगार्टच्या दरबारी नाटकशाळेचा संचालक! चार वर्षांनी, १७९१ मध्ये, तो गेला.

तुम्ही त्याचं एक गाणं कदाचित ऐकलंय. 'डी फोरेले', ट्राउट माशाचं गाणं. चाल फ्रान्झ शूबर्टची, तो वेगळा, नावात गोंधळू नका. शब्द शुबार्टचे, तुरुंगाच्या काळातले. स्वच्छ पाण्यात मासा काही केल्या गळाला लागत नाही, मग कोळी पाणी गढूळ करतो आणि मासा फसतो. ब्लाउबॉयरेनचं जेवण आठवून हे गाणं एकदा ऐका. वेगळंच ऐकू येईल.

आणि ड्यूकने माणसं विकणं थांबवलं होतं का? नाही. वचन दिल्यानंतर नऊ वर्षांनी, १७८७ मध्ये, त्याने अख्खी रेजिमेंट डच ईस्ट इंडिया कंपनीला भाड्याने दिली. सुमारे दोन हजार माणसं निघाली, नंतर भर पडत राहिली. आधी आफ्रिकेच्या टोकाला केपला, मग पुढे जावा आणि श्रीलंकेपर्यंत. परत आलेले फारच थोडे. त्यांच्या निरोपाचं गाणंही शुबार्टनेच लिहिलं, किल्ल्यात बसून.

शिलर घरी आला तो अकरा वर्षांनी, १७९३ मध्ये. तोवर जर्मनीभर नाव झालेलं. तरी थेट आला नाही. आधी हाइलब्रोनमध्ये थांबला, कारण ते स्वतंत्र शहर, ड्यूकच्या हद्दीबाहेर. तिथून ड्यूकला पत्र लिहिलं. उत्तर नाही. मग हळूच लुडविग्सबुर्गला आला. ड्यूकने दुर्लक्ष केलं. तिथेच शिलरला पहिला मुलगा झाला आणि काही आठवड्यांनी, २४ ऑक्टोबरला, ड्यूक वारला. पुढच्याच वर्षी त्याची लाडकी शाळा बंद झाली.

तर मला या गोष्टीतून काय दिसतं? एकाच राज्याच्या दोन सीमा. एकीवरून एक माणूस जेवायला आत आला आणि दहा वर्षं गेला. दुसरीवरून एक पोरगा रात्री बाहेर पडला आणि शिलर झाला. त्या तीनशे राज्यांच्या चिंधड्यांना लोक हसायचे, आणि ते खरंच त्रासाचं होतं. पण त्यामुळेच एका रात्रीच्या अंतरावर असा एखादा दरवाजा असायचा, जिथे हा 'बाप' बाप नव्हता.

आणि दुसरं. आपल्यापैकी कितीतरी जण आत्ता कुणाच्या तरी पैशावर शिकतायत, कुणाच्या तरी शब्दावर नोकरीला लागलेत. उपकार मानायलाच हवेत, त्यात वाद नाही. फक्त एवढं बघा, देणाऱ्याने दार उघडं ठेवलंय ना? शिलरच्या शाळेत पुस्तकं होती, शिक्षक होते, जेवण होतं. दार तेवढं नव्हतं.

होहेनआस्पेर्गचा किल्ला अजून आहे. उतारावर द्राक्षमळे, आणि आत एक संग्रहालय, जिथे शुबार्टसारख्या कैद्यांच्या गोष्टी सांगितल्या जातात. स्टुटगार्टला शिकायला गेलेले आपले बरेच श्रोते आहेत, लोकल ट्रेनने जाऊन या. फोटो काढलात तर मला पाठवा.

आजच्यापुरतं एवढंच. भाग आवडला तर अशा मित्राला पाठवा, जो तुमच्यासाठी स्वतःचे हँबर्गचे पैसे खर्च करेल. पुढच्या भागात भेटूच. काळजी घ्या!